खानदेशातील प्राथमिक शिक्षक आणि कामगिरीचे ऑनलाइन मोजमाप

कर्मचाऱ्याने काय करावे हे आधी ठरवणे, त्याने ते केले की नाही याची ठरावीक काळाने नोंद घेणे, त्या नोंदीवरून त्याची श्रेणी लावणे आणि ती श्रेणी वेतन, बढती, बदली किंवा प्रशिक्षण यांपैकी कशाशी तरी जोडणे, या चार कृतींच्या साखळीला व्यवस्थापनशास्त्रात कामगिरी व्यवस्थापन म्हणतात. आणि ही साखळी वह्या-रजिस्टरांऐवजी पोर्टल, मोबाइल अ‍ॅप व डॅशबोर्ड यांच्या आधारे चालू लागली की तिला डिजिटल कामगिरी व्यवस्थापन प्रणाली असे नाव मिळते. कारखान्यांत व बँकांत रुळलेली ही कल्पना गेल्या दहा-बारा वर्षांत जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेपर्यंत येऊन पोहोचली आहे. जळगाव किंवा धुळे जिल्ह्यातील शिक्षकाच्या तोंडी हे लांबलचक नाव नसते. त्याच्या तोंडी सरल, यू-डायस प्लस, शाळासिद्धी, शालार्थ, पोषण आहाराचे अ‍ॅप, विद्या समीक्षा केंद्राचा चॅटबॉट ही नावे असतात, आणि त्यांच्या जोडीला जवळपासच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दिवसातून अनेकदा येणारी ‘तात्काळ भरावे’ अशी सूचना असते. या सुट्या सुट्या व्यवस्था एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे वर सांगितलेली चारही कड्यांची साखळी त्यांत पूर्ण झालेली दिसते. फरक एवढाच की ती कोणी एकदाच बसून आखलेली नाही, एकेका शासन निर्णयाने वाढत गेलेली आहे. प्रस्तुत विवेचनाचे मुख्य म्हणणे असे आहे की, या साखळीने शिक्षकाच्या कामाचे जे चित्र वरच्या कार्यालयांत उभे केले आहे ते मुख्यतः माहिती वेळेत भरण्याच्या कामाचे आहे, शिकवण्याच्या कामाचे त्यात फारच थोडे उमटते. आणि याचे कारण माहिती केवळ खालून वर जाते, वरून खाली काही परत येत नाही, या रचनेत शोधले पाहिजे.

अभ्यासासाठी हेच दोन जिल्हे निवडण्यामागे कारण आहे. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पुढे त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. आज जळगावात पंधरा तालुके आहेत आणि धुळ्यात धुळे, साक्री, शिरपूर व शिंदखेडा असे चारच. २०११ च्या जनगणनेनुसार जळगावची लोकसंख्या ४२ लाखांवर आणि धुळ्याची २० लाखांवर होती. अनुसूचित जमातींचे प्रमाण जळगावात सुमारे १४ टक्के, तर धुळ्यात सुमारे ३१ टक्के होते. तापीकाठची केळीची बागायत, गिरणा व पांझरा खोऱ्यांतील कापूस, सातपुड्याच्या पायथ्याचे चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर तालुक्यांतील पावरा, भिल्ल व तडवी वस्त्या, चाळीसगावकडचे ऊसतोड मजूर, साक्रीहून गुजरातेत कामाला जाणारी कुटुंबे, घरात अहिराणी, लेवा बोली किंवा पावरी आणि पुस्तकात प्रमाण मराठी, अशी ही विविधता एकाच पोर्टलच्या एकसारख्या रकान्यांत बसवायची असते. म्हणून राज्यपातळीवर एकसंध दिसणारी व्यवस्था प्रत्यक्षात कोठे ताणते आणि कोठे तुटते, हे येथे जितके स्वच्छ दिसते तितके पुण्या-मुंबईच्या शाळांत दिसत नाही.

शिक्षकाचे काम मोजण्याची इच्छा नवी नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने आलेल्या सुधारित संहितेने शाळेचे अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन-लेखन-गणितातील निरीक्षकाने घेतलेली परीक्षा यांच्याशी जोडले. या पद्धतीला निकालानुसार मोबदला असे म्हटले जाई. मॅथ्यू आर्नल्ड हे कवी व समीक्षक म्हणून ओळखले जात असले तरी त्यांची नोकरी शाळा-निरीक्षकाची होती, आणि या पद्धतीने शिकवणे यांत्रिक होते असा आक्षेप त्यांनी सातत्याने नोंदवला. १८९० च्या दशकात इंग्लंडने ती सोडली. परंतु तोवर ती मुंबई इलाख्यात आलेली होती; खासगी शाळांना अनुदान देताना मद्रास इलाखा शिक्षकांच्या पगाराचा आधार घेई, तर मुंबई इलाखा परीक्षेच्या निकालाचा. विसाव्या शतकाच्या आरंभी येथेही ती बाजूला पडली. पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले तो काळ हाच.

याच संदर्भात महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेले निवेदन काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहे, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक जण देखरेखीच्या बाजूने किंवा विरुद्ध अशी एकच बाजू घेतात आणि फुले तसे करत नाहीत. वर्षातून एकदा येणाऱ्या निरीक्षकाचा काही उपयोग नाही, शाळांची तपासणी निदान दर तिमाहीस व्हावी आणि अधूनमधून पूर्वसूचना न देताही व्हावी, अशी त्यांची मागणी होती. पण त्याच निवेदनात प्राथमिक शिक्षकाचे वेतन बारा रुपयांपेक्षा कमी नसावे, मोठ्या गावांत ते अधिक असावे आणि जास्त मुले उत्तीर्ण करणाऱ्या शिक्षकाला वेगळा भत्ता मिळावा असेही त्यांनी मांडले. शिवाय शिक्षकाकडे गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल यांसारखी कामे सोपवावीत, म्हणजे गावात त्याचे वजन वाढेल, अशी सूचनाही त्यांनी केली होती. ज्यांच्या मुलांना शाळेत शिरू दिले जात नव्हते किंवा शिरल्यावर शिकवले जात नव्हते, त्यांच्या बाजूने विचार करताना तपासणी हा त्यांना हक्क वाटत होता. शिरपूरच्या पावरा पालकाला आपल्या मुलाचा शिक्षक रोज येतो का आणि आला तर शिकवतो का हे कळण्याचा अधिकार आहे, ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे. डिजिटल प्रणालीवर टीका करताना ती नजरेआड होता कामा नये. फरक असा की फुल्यांनी चांगल्या कामासाठी वाढीव मोबदला आणि वाढीव कामासोबत वाढीव प्रतिष्ठा मागितली होती, आणि आजच्या व्यवस्थेत वाढीव कामासोबत बहुधा फक्त शेवटची तारीख येते.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा कामाला लागल्या, तेव्हापासून ग्रामीण प्राथमिक शिक्षक हा पंचायत समितीच्या शिक्षण विभागाच्या देखरेखीखाली आहे. गटशिक्षणाधिकारी, बीटचा विस्तार अधिकारी आणि नव्वदच्या दशकात निर्माण झालेला केंद्रप्रमुख अशी ही उतरंड. केंद्र म्हणजे जवळपासच्या दहा-बारा शाळांचा गट. या उतरंडीची साधने कागदी होती: दुसऱ्या दिवशी काय शिकवायचे ते लिहिलेले दैनिक टाचण, हजेरीपट, मुलाच्या प्रवेशापासून दाखल्यापर्यंतची नोंद असलेले जनरल रजिस्टर, आणि भेटीला आलेल्या अधिकाऱ्याने आपले मत लिहायचे शेरेबुक. शेरेबुकात दोष पुष्कळ होते. शेरे ठरावीक साच्याचे असत, ओळखीपाळखीने मऊ होत आणि रागाने कडक होत. तरीही त्यात एक गुण होता, तो म्हणजे शेरा लिहिणारा माणूस वर्गात येऊन बसलेला असे, मुलांना फळ्यावर बोलावून वजाबाकी करायला सांगत असे आणि शिक्षकाला त्याच्याशी तेथेच वाद घालता येत असे.

२००९ च्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियमाने, म्हणजे आरटीई कायद्याने, चित्र पालटले. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन आणि शिक्षकासाठी तयारीच्या वेळेसह आठवड्याला ४५ तास काम असे मान ठरवले. त्याच सुमारास सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यात एकाच वार्षिक परीक्षेऐवजी वर्षभर चालणारे आकारिक आणि सत्रअखेरचे संकलित असे दोन प्रकारचे मूल्यमापन करायचे होते. प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवण्याचे कामही त्यासोबत आले. कल्पना मुलाच्या हिताची होती. पण पाठोपाठ आलेल्या माहिती-व्यवस्थांनी त्या नोंदींचे स्वरूपच बदलून टाकले. २०१२-१३ पासून शाळानिहाय माहितीसाठी यू-डायस ही देशव्यापी पद्धत एकत्रित झाली, २०१५ मध्ये महाराष्ट्राने सरल ही स्वतःची ऑनलाइन प्रणाली आणि प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम सुरू केला, आणि त्याच्या मागोमाग शाळासिद्धी आली, जिच्यात सात क्षेत्रे व ४६ मानके यांवर शाळेने आधी स्वतःला गुण द्यायचे आणि मग बाहेरच्या पथकाने ते पडताळायचे असतात. २०२२-२३ पासून यू-डायस प्लसमध्ये शाळेच्या एकत्रित आकड्यांऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद मागितली जाऊ लागली.

या घडामोडीचा शिक्षकाच्या दिवसाशी काय संबंध आहे हे समजण्यासाठी एकाच मुलीच्या नोंदीकडे जवळून पाहावे लागते. चोपडा तालुक्यातील वस्तीशाळेत तिसरीत शिकणारी पावरा समाजातील मुलगी घेतली तर सरलमध्ये तिचा १९ अंकी क्रमांक असतो, यू-डायस प्लसमध्ये ११ अंकी कायम शिक्षण क्रमांक असतो, १२ अंकी आधार असतो आणि अलीकडे त्यात अपार या १२ अंकी क्रमांकाची भर पडली आहे. जनरल रजिस्टरमध्ये तिचे नाव शाळेत घालणाऱ्या आजोबांनी सांगितले तसे आहे, आधारवर ते शिबिरातल्या ऑपरेटरने ऐकले तसे आहे, आणि जन्मतारीख माहीत नसल्याने एका ठिकाणी १ जून, तर दुसऱ्या ठिकाणी १ जानेवारी पडलेली आहे. या दोन नोंदी जुळल्या नाहीत की पोर्टलवर मिसमॅच दिसतो, आणि तो दूर करायचा तर पालकांना कामावरची मजुरी बुडवून तालुक्याच्या आधार केंद्रावर जावे लागते. ते जात नाहीत तेव्हा शिक्षकच मुलीला मोटारसायकलवर बसवून नेतो. हे सगळे करण्याचे कारण केवळ नीटनेटकेपणा हे नाही. विद्यार्थिसंख्येवरून शाळेला किती शिक्षक मंजूर होतात हे ठरवणारी जी संचमान्यता, ती २०२२-२३ पासून आधार-वैध विद्यार्थ्यांच्या आकड्यावर बेतली गेली. म्हणजे प्रत्यक्षात रोज बाकावर बसणारी मुलगी, तिच्या नावातल्या एका अक्षरामुळे, शिक्षकाचे पद मोजताना गणतीत येईलच याची खात्री उरली नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत अशी चार मुले असली तर पद राहते की जाते हा प्रश्न उभा राहतो, आणि मग गुणाकार शिकवण्यापेक्षा आधार जुळवणे हे शिक्षकाला अधिक तातडीचे वाटले तर त्याला दोष देता येत नाही.

पोषण आहाराची नोंद हे दुसरे उदाहरण. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य हे प्रमाण आहे. २८ मुले जेवली तर २ किलो ८०० ग्रॅम तांदूळ, त्या मानाने डाळ, तेल, मीठ-मसाला, आणि त्याचा साठा नोंदवहीत वजा करून तोच आकडा त्याच दिवशी अ‍ॅपवर भरायचा. सातपुड्याच्या कुशीतल्या वस्तीवर मोबाइलची रेंज एखाद्या टेकाडावर किंवा शाळेपासून दूर रस्त्यावर मिळते. नोंद राहिली तर वरून विचारणा होते, आणि ही विचारणा पंचायत समितीकडून केंद्रप्रमुखाकडे व त्याच्याकडून गटावर शाळेच्या नावानिशी येते. मुले जेवली की नाही, भात शिजला होता की कच्चा होता, हे त्या अ‍ॅपला विचारता येत नाही; नोंद झाली की नाही हे मात्र त्याला कळते. कामगिरीच्या मोजमापाविषयीचा जो सर्वांत जुना इशारा आहे, की मोजायला सोपे तेवढेच मोजले जाते आणि मोजले जाते तेवढेच काम महत्त्वाचे ठरते, तो येथे रोज दुपारी खरा होतो.

मोजमाप थेट वेतनाशी जोडण्याचा प्रयत्नही महाराष्ट्रात झालेला आहे, आणि तो या विषयाच्या अभ्यासात मध्यवर्ती मानला पाहिजे. शिक्षकाला १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवड श्रेणी, अशा दोन वाढीव वेतनश्रेणी मिळतात. २३ ऑक्टोबर २०१७ च्या शासन निर्णयाने त्यांना अशी अट घातली की प्राथमिक शिक्षकाची शाळा प्रगत ठरलेली असावी आणि शाळासिद्धीत तिला ‘अ’ श्रेणी असावी. म्हणजे एका शिक्षकाची वेतनवाढ संपूर्ण शाळेच्या श्रेणीवर, आणि शाळेची श्रेणी इमारत, पाणी, स्वच्छतागृह, संरक्षक भिंत यांच्यासह कितीतरी अशा गोष्टींवर अवलंबून झाली, ज्या ग्रामपंचायतीच्या व जिल्हा परिषदेच्या हाती असतात. भिंत नसलेल्या शाळेत उत्तम शिकवणारा शिक्षक मागे राहणार आणि चांगली इमारत लाभलेल्या शाळेत जेमतेम शिकवणारा पुढे जाणार, हे गणित शिक्षकांना तत्काळ कळले. संघटनांनी राज्यभर विरोध केला आणि पुढे ती अट वगळावी लागली. या प्रकरणातून शिकण्यासारखे हे की शाळासिद्धी हे मुळात शाळेने स्वतःकडे प्रामाणिकपणे पाहावे यासाठी केलेले साधन होते, आणि त्याला वेतन चिकटवताच त्यातला प्रामाणिकपणा संपण्याची वाट मोकळी झाली. कारण स्वतःला ‘क’ देणे आता परवडणारे नव्हते. त्याच सुमारास, २०१६ च्या अखेरीस, शिक्षकांनी दर सोमवारी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ती सरलवर चढवावी अशीही एक योजना जाहीर झाली होती. तीही विरोधानंतर मागे पडली.

सध्याचा टप्पा विद्या समीक्षा केंद्राचा आहे. गुजरातने गांधीनगरला उभ्या केलेल्या नियंत्रण कक्षाच्या धर्तीवर महाराष्ट्रात हे केंद्र आले. शाळांतील उपस्थिती, चाचण्यांचे गुण आणि इतर माहिती एकाच ठिकाणी गोळा करून तिचे आलेख दाखवणे हे त्याचे काम. जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने देशातील सहा राज्यांत चालवलेल्या स्टार्स प्रकल्पात महाराष्ट्राचा समावेश झाला, आणि त्याच प्रकल्पाखाली २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीच्या मुलांच्या प्रथम भाषा, गणित व इंग्रजीच्या नियतकालिक चाचण्या सुरू झाल्या: वर्षारंभी पायाभूत आणि नंतर संकलित एक व दोन. उत्तरपत्रिका शिक्षकानेच तपासायच्या आणि गुण चॅटबॉटवर शिक्षकानेच भरायचे. त्याच वर्षी विद्यार्थ्यांची रोजची हजेरीही चॅटबॉटवर मागितली जाऊ लागली.

या तीन चाचण्यांच्या वेळापत्रकाशेजारी खानदेशातील स्थलांतराचे वेळापत्रक ठेवून पाहावे. पायाभूत चाचणी पावसाळ्यात होते, तेव्हा चाळीसगाव वा पारोळा तालुक्यातील ऊसतोड कुटुंबे गावातच असतात; दिवाळीच्या आसपास पहिली संकलित चाचणी येते तेव्हा टोळ्या कारखान्यांकडे निघू लागतात, आणि आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात न राहिलेली मुले आईबापांबरोबर फडावर जातात; ती परततात तेव्हा वर्ष संपत आलेले असते. शिक्षण हमी पत्रक नावाचे कार्ड अशा मुलांच्या हाती दिले जाते, जेणेकरून ती जातील त्या गावच्या शाळेत बसू शकावीत. पण पोर्टलच्या दृष्टीने मूल एक तर पटावर असते नाहीतर ड्रॉप-बॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत. डॅशबोर्डवर दिसतो तो फक्त खाली गेलेला आलेख. तो शिक्षकाच्या अध्यापनाने गेला की मुले चार महिने फडावर होती म्हणून गेला, हे सांगणारा रकाना त्यात नाही. भाषेचेही तसेच. अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दोन वर्षांत प्रमाण मराठीत आणण्यासाठी शिक्षक जे करतो, म्हणजे मुलांच्या बोलीतले शब्द गोळा करून फळ्यावर लिहिणे, घरच्या गोष्टी वर्गात बोलू देणे, आधी बोलीत आणि मग पुस्तकाच्या भाषेत सांगणे, त्याचे फळ तिसरीच्या चाचणीत अर्धेच दिसते. या कामाला वेळ लागतो, आणि वेळ लागणारे काम दर तिमाहीच्या आलेखात आळसासारखे दिसते.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे मांडली पाहिजे. ऑनलाइन व्यवस्थांनी शिक्षकाला काही गोष्टी निश्चितपणे दिल्या आहेत. २७ फेब्रुवारी २०१७ च्या धोरणाने जिल्हा परिषद शिक्षकांच्या जिल्हांतर्गत बदल्या संगणकीय प्रणालीवर आणल्या, सर्वसाधारण व अवघड क्षेत्र असे शाळांचे वर्ग केले आणि अवघड क्षेत्रात ठरावीक काळ सेवा केलेल्या शिक्षकाला बदलीचा अधिकार दिला. सातपुड्याच्या वस्तीवर वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या, तालुक्याला कोणी ओळखीचे नसलेल्या शिक्षकासाठी ही मोठी गोष्ट होती. शालार्थने वेतन थेट व नियमित खात्यात येण्याची वाट सोपी केली. पटावरील दुबार व नावापुरती नावे उघडी पडली, हेही चांगलेच झाले, कारण त्या खोट्या पटाचा भार शेवटी खऱ्या मुलांवरच पडत होता. आणि धुळे जिल्ह्याने तर डिजिटल या शब्दाला एक वेगळाच अर्थ दिला: अमेरिकेत वित्तक्षेत्रात काम करणारे मूळचे धुळ्याचे हर्षल विभांडिक यांनी गावोगावी सभा घेऊन, ग्रामस्थांची वर्गणी व स्वतःची भर यांतून, जिल्हा परिषदेच्या अकराशेच्या आसपास शाळांत डिजिटल वर्ग उभे करण्याची चळवळ २०१७ च्या सुमारास पूर्णत्वास नेली. तेथे यंत्र मुलांसाठी वर्गात आले होते आणि त्याचा खर्च कशासाठी हे गावाला माहीत होते. तेच तंत्रज्ञान वर माहिती पाठवण्यासाठी आले तेव्हा गावाचा त्याच्याशी संबंध उरला नाही. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत आहे. पण समितीच्या सभेत डॅशबोर्ड दाखवण्याची कोणतीही रीत पडलेली नाही.

देखरेखीने काय साधते आणि काय साधत नाही याविषयी भारतात चांगले संशोधन झाले आहे आणि त्याचे निष्कर्ष एकाच दिशेचे नाहीत. एस्थर डुफ्लो, रेमा हॅना व स्टीफन रायन यांनी उदयपूर परिसरात सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी केंद्रांत केलेल्या अभ्यासात शिक्षकाने रोज दोनदा एका विद्यार्थ्याकडून कॅमेऱ्याने वेळ-तारखेसह आपले छायाचित्र काढून घ्यायचे आणि मानधन त्या दिवसांनुसार मिळायचे अशी रचना होती. तेथे गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली आणि मुलांचे शिकणेही सुधारले. कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन यांच्या आंध्र प्रदेशातील अभ्यासात निकालानुसार बोनस दिलेल्या सरकारी शाळांतील मुले पुढे गेली. ही उदाहरणे दडवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु दोन्हीकडे मोजणारा शिक्षक नव्हता, मोजमाप एकाच गोष्टीचे होते आणि त्याचा परिणाम काय होणार हे शिक्षकाला आधी स्वच्छ सांगितलेले होते. याउलट रावेरच्या पलीकडे सुरू होणाऱ्या मध्य प्रदेशात शाळांचे मूल्यांकन करून सुधारणा-आराखडा बनवण्याचा जो मोठा कार्यक्रम झाला, त्याचा मुरलीधरन व अभिजीत सिंग यांनी केलेला अभ्यास सांगतो की मूल्यांकने झाली, आराखडे लिहिले गेले, नोंदी चढल्या, पण शिक्षकांच्या अध्यापनात किंवा मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. तरीही कार्यक्रम कागदोपत्री पूर्ण झाला म्हणून यशस्वी ठरला आणि विस्तारला गेला. खानदेशातील शिक्षक ज्या व्यवस्थेत काम करतो ती उदयपूरपेक्षा मध्य प्रदेशाच्या या उदाहरणाला कितीतरी जवळची आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. आरटीई कायद्याचे २४ वे कलम शिक्षकाची कर्तव्ये सांगते: नियमित व वेळेवर येणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा शिकवणे आणि पालकांना भेटून मुलाविषयी बोलणे. २७ वे कलम शिक्षकाला दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता इतर अशैक्षणिक कामास लावू नये असे म्हणते. पोर्टलवर माहिती भरणे हे शैक्षणिक की अशैक्षणिक, हा वाद त्यातूनच निर्माण झाला, आणि २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांच्या कामांची शैक्षणिक व अशैक्षणिक अशी वर्गवारी जाहीर केली तरी तो मिटलेला नाही. खरे तर कामाचे नाव काय हा प्रश्न दुय्यम आहे. मुलाच्या हजेरीची नोंद शैक्षणिकच आहे; पण तीच नोंद हजेरीपटावर, चॅटबॉटवर आणि पोषण आहाराच्या अ‍ॅपवर अशी तीनदा करायला लावणे हे कोणत्याही वर्गवारीत न्याय्य ठरत नाही.

या सगळ्यात केंद्रप्रमुखाचे जे झाले त्याकडे अभ्यासकांनी आतापर्यंत पुरेसे लक्ष दिलेले नाही. हे पद शिक्षकाला वर्गात मदत करणाऱ्या अनुभवी सहकाऱ्याचे होते. अनेक पदे रिक्त असल्याने एकेका केंद्रप्रमुखाकडे अतिरिक्त कार्यभार असतो, किंवा एखाद्या वरिष्ठ शिक्षकालाच आपला वर्ग सांभाळून ते काम पाहावे लागते. आणि पोर्टलांच्या वाढीबरोबर त्याचा दिवस कोणत्या शाळेची माहिती पेंडिंग आहे ते पाहण्यात, फोन करण्यात आणि निरंक अहवाल गोळा करण्यात जातो. शिक्षकाला गणितात मुले का अडतात हे विचारायला जो एक माणूस होता, तोच आता माहितीचा तगादा लावणारा झाला आहे. ही हानी कोणत्याही डॅशबोर्डवर दिसत नाही, आणि प्रस्तुत विवेचनाच्या मते या प्रणालींनी केलेली सर्वांत मोठी हानी हीच आहे; कारण पोर्टल सुधारता येते, सर्व्हर मोठा घेता येतो, पण शिक्षक व केंद्रप्रमुख यांच्यातला विश्वास एकदा गेला की तो शासन निर्णयाने परत आणता येत नाही.

म्हणून या विषयाचा पुढचा अभ्यास करणाऱ्यांना, विशेषतः जळगाव व धुळे येथील जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांतील अधिव्याख्यात्यांना आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील संशोधकांना, विनंती अशी की पोर्टलांची उपयुक्तता शिक्षकांच्या मतांची प्रश्नावली फिरवून न ठरवता एका शाळेत संपूर्ण सत्रभर बसून, कोणत्या नोंदीला किती वेळ गेला, ती नोंद वर कोणी वाचली आणि वाचून शाळेला काय परत मिळाले, हे तपासावे. दोन्ही जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांकडेही एक मागणी आहे: नवी लिंक पाठवताना त्या आदेशातच तीन गोष्टी लिहाव्यात, की ही माहिती याआधी कोणत्या प्रणालीत भरलेली आहे, ती भरण्यास दोन शिक्षकांच्या शाळेत किती वेळ लागेल, आणि तिच्या आधारे शाळेला काय मिळेल व कोणत्या तारखेपर्यंत मिळेल. या तीन ओळी ज्या आदेशात लिहिता येणार नाहीत, तो आदेश काढू नये.